उजव्या लेनमधला ट्रक

पत्रादेवीहून गोव्यात शिरायचं आणि पर्वरीपर्यंत एकही भरलेला ट्रक दुभाजकाला चिकटून उजव्या लेनमधून चाळीसच्या वेगाने चाललेला भेटायचा नाही, असं फारसं होत नाही. मागचे डिपर मारतात, हॉर्न वाजवतात, तो आपला तिथेच. शेवटी सगळे डावीकडून गाडी काढतात, आणि काढताना गाडीतलं कोणी ना कोणी म्हणतंच, ‘आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाही.’

हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण ते एकदा बोलून झालं की पुढचा विचारच थांबतो. मी सुट्टीच्या दिवशी घरी बसून संगणकावर हाच रस्ता चालवून बघते. प्रत्येक चालकाच्या जागी एक नियम लिहायचा, तसे शेकडो चालक रस्त्यावर सोडायचे आणि काय होतं ते पाहत राहायचं. नियम लिहायला बसलं की ‘शिस्त’ नावाचा आकडा कुठे बसवायचा तेच कळत नाही. लिहावं लागतं ते वेगळंच: या माणसाला आत्ता काय दिसतंय, पुढे काय येईल असं त्याला वाटतंय, वेग तुटला तर त्याचं किती नुकसान आहे, आणि शेजारची लेन त्याला काय देते. त्या ट्रकवाल्याच्या सीटवर बसून या प्रश्नांची उत्तरं मांडली, तर तो उजवीकडे का आहे हे गणितातूनच बाहेर येतं. आज मला ते नीट, सावकाश सांगायचं आहे.

मी पेडण्याची. नोकरी वेर्ण्याला, सॉफ्टवेअरची. धारगळ, कोलवाळचा पूल, करासवाडा, गिरी, पर्वरी, मांडवी, बांबोळी, आगशी, झुआरी, कुठ्ठाळी हा हायवेवरचा क्रम मला डोळे मिटून सांगता येतो. वाहतूक अभियांत्रिकी मी कॉलेजात शिकलेली नाही, पण या विषयातले मूळ शोधनिबंध आज कोणालाही वाचता येतात आणि साधनं फुकट मिळतात. जर्मनीच्या डीएलआर या संस्थेने बनवलेलं ‘सुमो’ हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर २००१ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी येत असेल तर आपले स्वतःचे चालकही त्यात घालता येतात.

आधी एक प्रयोग सांगते, कारण शिस्तीच्या वादात मला तो सगळ्यात बोलका वाटतो. युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये केलेला हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाचा गोल रस्ता, त्यावर २२ गाड्या. ना सिग्नल, ना वळणाचा फाटा, ना गाय, ना खड्डा. सगळ्यांना एकच सूचना: ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग धरून चालवत राहा. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग कोणीतरी जरासं हळू झालं, मागचा त्याहून थोडा जास्त हळू झाला, त्याच्या मागचा आणखी, आणि बघता बघता काही गाड्या चक्क उभ्या राहिल्या. पुढची गाडी सुटली की मागे नवी येऊन अडकायची, आणि कोंडीची ती लाट ताशी साधारण २० किलोमीटरने उलट्या दिशेने सरकत राहिली. बावीसही जण शिस्तीत चालवत होते, तरी रस्ता तुंबला.

म्हणजे माणसाच्या प्रतिक्रियेला लागणारा वेळ आणि दोन गाड्यांमधलं कमी पडणारं अंतर, एवढ्यावरही कोंडी होऊ शकते. पर्वरीच्या रांगेत उभे असताना पुढे जाऊन बघावं तर अपघात नसतो, बंद पडलेली गाडी नसते, काहीच नसतं. त्यामागे पुष्कळदा हीच लाट असते.

आता नियमाकडे येते. माझ्या मॉडेलचा पाया २००० सालचा आहे. मार्टिन ट्रायबर, आन्सगार हेनेके आणि डर्क हेल्बिंग यांनी त्या वर्षी ‘इंटेलिजंट ड्रायव्हर मॉडेल’ मांडलं. त्याआधी पुष्कळ काम झालं होतं. १९५३ साली पाइप्सने, पुढे त्याच दशकात जनरल मोटर्सच्या संशोधकांनी, १९८१ साली गिप्सने गाडीमागून गाडी कशी चालते याची समीकरणं लिहिली होती. १९९२ साली नागेल आणि श्रेकेनबर्ग यांनी तर रस्त्याचे साडेसात साडेसात मीटरचे खण पाडून अगदी सोप्या नियमांत कोंडी उभी करून दाखवली. तरी मला ट्रायबर मंडळींचं मॉडेल जवळचं वाटतं, कारण त्यातला प्रत्येक आकडा कुठल्याही ड्रायव्हरला विचारता येतो. रस्ता मोकळा मिळाला तर किती वेगाने जाशील? पुढच्या गाडीपासून किती सेकंदांचं अंतर राखतोस? पूर्ण थांबलास तर मध्ये किती जागा सोडतोस? गाडीचा पिकअप किती? आणि ब्रेक किती जोरात मारायची सवय आहे? एवढ्यावर मॉडेल चालतं. मोकळा रस्ता पुढे ओढतो, पुढची गाडी मागे धरते, आणि या दोन ओढींचा हिशेब करून दर क्षणाला वेग वाढवायचा की कमी करायचा ते ठरतं.

समजा चालकाला ८० ने जायचं आहे, अंतर दीड सेकंदाचं ठेवतो, थांबल्यावर २ मीटर सोडतो. वाहतूक ५४ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, चालली आहे. समीकरण सांगतं की हा माणूस पुढच्या गाडीपासून साधारण साडेसत्तावीस मीटरवर स्थिरावेल. बरोबर आहे, समंजस माणूस तसंच चालवतो.

आता त्या साडेसत्तावीस मीटरमध्ये एक स्कूटर शिरू द्या. आपल्याकडे ती शिरणारच. गोव्यात नोंदणी झालेल्या वाहनांपैकी निम्म्याहून जास्त दुचाक्या आहेत आणि एवढी जागा स्कूटरला म्हणजे अंगणच. स्कूटर त्याच वेगाने चालली आहे, पण आता पुढचं अंतर एकदम १० मीटरवर आलं. पिकअप आणि ब्रेकचे नेहमीचे आकडे घालून हिशेब केला तर मॉडेलचा चालक दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रति सेकंदाहून जास्त घटेल एवढा ब्रेक मारतो. तोच ब्रेक दाबून धरला तर गाडी तीन सेकंदांत जागेवर उभी राहील. मागच्याने त्याहून जोरात, त्याच्या मागच्याने आणखी, आणि एका स्कूटरपायी झुआरी पुलाच्या चढावर अर्धा किलोमीटर रांग. पडद्यावर हे घडताना दिसतं तेव्हा लगेच कळतं की हा चालक आपल्याकडचा नव्हे. आपल्याकडचा चालक अशा वेळी फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो.

तो निष्काळजी आहे म्हणून नव्हे. स्कूटर आपल्याच वेगाने चालली आहे, ती आत्ता ब्रेक मारणार नाही, दोन सेकंदांत पलीकडच्या फटीत निघून जाईल, हे त्याला दिसत असतं. तो अंतर बघत नाही, अंतराचं पुढे काय होणार ते बघतो. मॉडेल बनवणाऱ्यांनाही ही उणीव ठाऊक होती. केस्टिंग, ट्रायबर आणि हेल्बिंग यांनी २०१० साली त्यावर एक जोड दिली. पुढचा आत्ता जसा चालला आहे तसाच पुढचे काही क्षण चालेल असं धरलं तर किती ब्रेक लागेल हे वेगळं मोजायचं, आणि ती दोन उत्तरं एकत्र करायची. किती प्रमाणात एकत्र करायची त्या आकड्याला त्यांनी थंड डोक्याचा गुणांक म्हटलं आणि ०.९९ ही किंमत सुचवली. ती घातल्यावर माझ्या उदाहरणातला पाचाचा ब्रेक दोनावर आला. रस्ता पुन्हा वाहू लागला. ते पडद्यावर पाहिलं तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. दुसरा काय करणार याचा अंदाज हा चालवण्यातला मुख्य भाग आहे, आणि तो आकड्यात धरता येतो!

परदेशातले आकडे जसेच्या तसे का चालत नाहीत तेही इथेच सांगून टाकते. चालकांच्या हालचालींचा एक मोठा उघडा साठा म्हणजे जर्मनीतला ‘हायडी’. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या साठ्यात ड्रोनने टिपलेल्या १ लाख १० हजार ५०० वाहनांचे मार्ग आहेत. पण ती वाहनं म्हणजे लेनमध्ये चालणाऱ्या मोटारी आणि ट्रक. आपल्या कामाचं त्याहून जवळचं म्हणजे चेन्नईतल्या सैदापेटच्या मरैमलै अडिगलार पुलावर गोळा केलेले वाहनांचे मार्ग, ज्यांच्यावरचा निबंध २०१५ साली आला. तिथे दुचाक्या, रिक्षा, बस, ट्रक सगळे एकाच डांबरावर आहेत. दुचाकी पुढच्या गाडीच्या नेमकी मागून क्वचितच चालते. ती अर्धी बाजूला सरून चालते, म्हणजे वेळ आली तर निसटायला वाट राहते आणि त्यामुळे ती जवळूनही चालू शकते. ‘सुमो’मध्ये लेनच्या रुंदीचे पट्टे पाडून हे करता येतं. ते करण्यात माझा बराच वेळ गेला, पण तो तपशील प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या कामाचा, तो इथे नको.

आकडे विचारायला मला लांब जावं लागलं नाही. माझ्या मामाने बरीच वर्षं पेडणे-म्हापसा खाजगी बस चालवली. लॅपटॉपवर रंगीत चौकोन सरकताना बघून तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, “बाय, ह्या गाड्यांना चाकं कुठे आहेत?” मला कळेना. तेव्हा त्याने समजावलं. कडेला उभी असलेली गाडी येणार की नाही ते तिच्या इंडिकेटरवरून ठरवायचं नाही, पुढचं चाक बघायचं. चाक रस्त्याकडे वळलेलं असेल आणि ड्रायव्हरच्या सीटवर माणूस असेल तर ती आलीच म्हणून समजायचं. स्कूटरवाल्याचं हेल्मेट बघायचं. आडरस्त्यावरून येताना हेल्मेट उजवीकडे वळलं तर त्याने तुला पाहिलंय, तो थांबेल. वळलं नाही तर तो थांबणार नाही, तू थांब. थांब्यावर उभी असलेली बाई पिशवी उचलते की खाली ठेवते त्यावरून तिला आपलीच बस हवी आहे की नाही ते कळतं आणि मागच्या गाडीला कधी हात दाखवायचा तेही. मामा हे इतक्या सहज सांगत होता की मला वही आणायला उठावंसं वाटेना. मध्येच तो काहीतरी विसरला तर काय घ्या!

आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी, पुढे दिसली की मामा दुप्पट अंतर सोडतो. आपण सगळेच सोडतो. त्या गाडीतल्या माणसाला रस्ता माहीत नसतो, मोबाइल सांगेल तसं तो वळतो, करासवाड्याला जायचं की पुलावर चढायचं हे त्याला शेवटच्या क्षणी कळतं. त्याचा त्यात काही अपराध नाही, तो पाहुणा आहे. पण मॉडेलसाठी ही मोठी गोष्ट आहे. चालकाने ठेवलेलं अंतर त्याच्या स्वभावावर तर असतंच, पुढे कोण आहे यावरही असतं. माझ्या रस्त्यावर आता काही गाड्यांना काळी पाटी आहे आणि त्यांच्या मागचे चालक दीड सेकंदाऐवजी अडीच सेकंद धरून चालतात. सगळ्यांचे आकडे सरासरी काढून एकसारखे केले तर रस्ता दिसायला छान चालतो, पण तो आपला रस्ता उरत नाही. पर्यटक, भाड्याने दुचाकीवरून नेणारा मोटरसायकल पायलट, मासळीची गाडी, कदंबाची सरकारी बस, पिकअप कमी असलेला टिपर, यांच्यातल्या फरकातच सगळं घडतं.

आता लेन बदलणं. त्यासाठीचा नियम ‘मोबिल’ नावाने ओळखला जातो, २००७ सालचा, केस्टिंग, ट्रायबर आणि हेल्बिंग यांचाच. त्यातला विचार मला फार सुंदर वाटतो. शेजारच्या लेनमध्ये गेलो तर मला किती वेग मिळेल हे बघायचं. मग माझ्या जाण्याने त्या लेनमधल्या मागच्याला किती ब्रेक मारावा लागेल तेही बघायचं, आणि त्याच्या तोट्याला एका गुणांकाने गुणायचं. हा गुणांक म्हणजे चालकाचा भिडस्तपणा. शून्य असेल तर दुसऱ्याचं काही पडलेलं नाही, एक असेल तर दुसऱ्याचा तोटा आणि माझा फायदा सारखाच. खऱ्या चालकांसाठी शून्य ते अर्ध्याच्या मधली किंमत धरतात. शिवाय मागच्याला ठरावीक मर्यादेपलीकडे ब्रेक मारावा लागणार असेल तर लेन बदलायचीच नाही, ही सुरक्षेची अट वेगळी.

या नियमाला डाव्या बाजूने चालण्याची ओढ जोडली आणि भरलेला ट्रक रस्त्यावर सोडला. डावी लेन शंभर मीटर मोकळी दिसली की ट्रक गुणी मुलासारखा डावीकडे गेला. मामा बाजूलाच होता. “तो डावीकडे कशाला जाईल गो? पुढे थांबा नाही का?”

नेमकं तेच. ‘मोबिल’चा चालक आत्ताचं बघतो, या क्षणाला मोकळं आहे ना, मग जा. ट्रकवाला पुढच्या किलोमीटरचं बघतो. डावीकडे बसथांबा आहे आणि बस लेनमध्येच उभी राहते. शहाळ्याची गाडी आहे, तिच्यापुढे दोन मोटारी तिरक्या लावल्या आहेत. वाड्यावरून आलेला रस्ता थेट हायवेला भिडतो. सर्व्हिस रोड आहे तिथे तो मध्येच संपतो. पावसात डाव्या कडेला पाणी साचतं आणि गुरं कोरडं डांबर शोधत येऊन बसतात. यातली कुठलीही एक गोष्ट पुढे आली की ट्रकला ब्रेक मारावा लागणार.

आणि ब्रेक त्याला किती महाग पडतो? मोटार आणि भरलेला ट्रक दोघेही ५० वरून २० वर आले असं धरू. परत ५० गाठायला वेग ताशी ३० किलोमीटरने वाढवायचा, म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटरने. मोटारीचा पिकअप दर सेकंदाला दीड मीटरचा धरला तर साडेपाच सेकंदांत काम झालं. भरलेल्या ट्रकचा ०.३ धरला तर २८ सेकंद, आणि तेही सपाट रस्त्यावर. तीन टक्क्यांचा चढ असेल तर गुरुत्वाकर्षणच जवळजवळ ०.३ खाऊन टाकतं. म्हणजे एकदा वेग तुटला की चढ संपेपर्यंत तो परत मिळतच नाही. गिरीहून पर्वरीला चढताना टिपर गुरगुरत पहिल्या-दुसऱ्या गियरवर रांगत असतो, तेव्हा खाली कुठेतरी कोणीतरी त्याला ब्रेक मारायला लावलेला असतो.

उजव्या लेनमध्ये त्याला काय आहे? मागून हॉर्न. डिपर. शिव्या. पण ब्रेक नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही उजवीकडेच असते.

हे मॉडेलमध्ये घालायला मी ‘मोबिल’च्या हिशेबात एक पद वाढवलं. पुढच्या ८०० मीटरमध्ये या लेनमध्ये ब्रेक मारावा लागण्याची शक्यता किती, आणि लागला तर या वाहनाला परत वेग घ्यायला किती सेकंद जातील, या दोघांचा गुणाकार. मोटारीसाठी तो आकडा नगण्य येतो, ट्रकसाठी भलामोठा. ट्रक आपसूक उजवीकडे गेले. मोटारी डावीकडून ओव्हरटेक करू लागल्या, तेही कोणी न सांगता. डावीकडून भरधाव जाणाऱ्या मोटारींमुळे थांब्यावरच्या बसला परत लेनमध्ये शिरायला जागा मिळेना, म्हणून बसवाला थांब्यावर पूर्ण कडेला न जाता लेनमध्येच उभा राहू लागला. म्हणजे ज्या कारणासाठी ट्रक उजवीकडे गेला ते कारण आणखी पक्कं झालं! कोणीही वाईट नाही, कोणीही वेडा नाही, आणि रस्ता मात्र धोक्याचा.

दुभाजकातल्या कटची गोष्ट याला जोडूनच आहे. कटवर उभ्या असलेल्या स्कूटरला दोन लेन ओलांडायच्या आहेत. साडेतीन साडेतीन मीटरच्या दोन लेन, वर कडेची पट्टी आणि स्कूटरची स्वतःची लांबी धरून १० मीटर. उभ्याने निघून तेवढं अंतर कापायला तिला पावणेचार सेकंदांच्या आसपास लागतात, आणि तेवढ्यात ८० ने येणारी मोटार ८० मीटर जवळ येते. म्हणून सावध माणूस सहाएक सेकंदांची फट शोधतो. ताशी ९०० गाड्या आपापल्या नादात येत असतील तर जवळजवळ दर साडेचार फटींमागे एक अशी मिळते. गाड्या दुप्पट झाल्या, १८०० झाल्या, की वीसात एक. रहदारी दुप्पट झाली तर थांबणं दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढतं. आणि थांबणं वाढलं की माणूस कमी फटीवर राजी होतो, हे तर निरीक्षणांतून सिद्ध झालेलं आहे. सहाची पाच होते, पाचाची चार. मागे मूल बसलेलं असतं, शाळेची वेळ झालेली असते. पावणेचार सेकंद लागणार असताना चार सेकंदांची फट घेणाऱ्या त्या माणसाला ‘घाई नडते’ असा फलक लावून काय सांगणार आपण?

मामाने यातही एक गोष्ट दाखवली जी मी एकटीने कधी पाहिली नसती. कटवरचे जुने लोक ट्रकची वाट बघतात. हळू चाललेल्या ट्रकच्या पुढे रस्ता लांबपर्यंत रिकामा होत जातो. उजवीकडे ट्रक आणि त्याच्या डावीकडे बस असा जोड आला की त्यांच्या पुढे सहाच काय, दहा सेकंदांची फट मिळते. ज्या ट्रकला मागचे शिव्या घालतात, तोच पुढे कोणाला तरी सुखरूप रस्ता ओलांडू देत असतो.

मग कधीतरी अपघात होतो आणि कट बंद होतो. मागणी लोकांचीच असते आणि ती रास्तही असते. पण बंद करताना पलीकडचा माणूस आता काय करील, हा हिशेब कोणी मांडलेला मला दिसत नाही. समजा पुढचा कट १२०० मीटरवर आहे आणि त्याला जायचंय ते घर उलट्या दिशेला २०० मीटरवर. नियमाने जायचं तर जाऊन येऊन अडीच किलोमीटरच्या वर, चाळीसच्या वेगाने जवळजवळ चार मिनिटं, आणि त्यात कटवर वळून उजव्या लेनच्या वेगवान गाड्यांत शिरायचं. राँग साइडने गेला तर अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम, तेही अगदी कडेने. भीती आणि वेळ दोन्ही एकाच बाजूला झुकतात. माझ्या मॉडेलमध्ये कट जसजसा लांब नेला तसतसे राँग साइडने येणारे वाढत गेले, आणि ते सगळे डाव्या लेनच्या कडेने समोरून येतात. रात्री हेडलाइटच्या झोतात असा माणूस अचानक समोर येतो तेव्हा काय होतं, ते हायवेलगतच्या प्रत्येक गावाला माहीत आहे. त्याचं समर्थन मी मुळीच करत नाही. मला एवढंच दिसतं की त्याला त्या कडेला आपण आणून उभं केलं, आणि त्याच्याच भीतीने ट्रकवाला डावी लेन टाळतो.

म्हणून मी उलटं करून पाहिलं. चालकांचा एकही आकडा बदलला नाही. तेच ट्रक, त्याच पाट्या, तोच भिडस्तपणा, तीच घाई. बदलला तो फक्त डावा काठ: बसथांबा लेनच्या बाहेर खोल घेतला, सर्व्हिस रोड मध्येच न तोडता पुढच्या भुयारी वाटेपर्यंत सलग नेला, वाड्यावरचा रस्ता हायवेऐवजी सर्व्हिस रोडला जोडला. डाव्या लेनमध्ये ब्रेक मारावा लागण्याची शक्यता घटली, आणि ट्रक डावीकडे आले. कोणी दंड केला नाही, फलक लावला नाही. तसे थोडे ट्रक उजवीकडे राहिले, विशेषतः चढाच्या अलीकडे. तिथे काय करायचं हे मला अजून सुटलेलं नाही. चढावर ट्रकसाठी जादा लेन हा पुस्तकी उपाय आहे, पण आपल्याकडे प्रत्येक मीटर जमीन कोणाची तरी कुळागराची, कोणाच्या तरी अंगणाची आहे, आणि ती सहज मागावी असं मला वाटत नाही.

सिम्युलेशन म्हणजे खरा रस्ता नव्हे, हे मला कोणी सांगायला नको. पण कट बंद करण्याआधी, थांबा हलवण्याआधी, तीनशे मीटर सर्व्हिस रोड ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देण्याआधी तो पडद्यावर चालवून बघायला एक लॅपटॉप आणि दोन-चार रविवार पुरतात. आपल्याकडे २०१७ सालचं इंडो-एचसीएम आहे. भारतीय रस्त्यांवरच्या वाहतुकीची क्षमता कशी मोजायची याचं हे पुस्तक केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने खास इथल्या रहदारीवरून केलं आहे. म्हणजे मिश्र वाहतूक आमच्या हिशेबात बसत नाही, ही सबब आता कोणाला सांगता येऊ नये.

येत्या ग्रामसभेत मी लॅपटॉप घेऊन जाणार आहे. दोन चित्रफिती शेजारी शेजारी लावायच्या, चालक तेच आणि काठ वेगळा, आणि मागायच्या त्या दोनच गोष्टी: आमच्या थांब्याला लेनबाहेरची जागा आणि तुटलेला सर्व्हिस रोड जोडून देणं. मामाही येतो म्हणालाय. बस कुठे उभी करायची आणि किती लांबीची जागा हवी, हे सांगायला सभेत त्याच्याइतका जाणता माणूस दुसरा नसेल. तोपर्यंत कोणाच्या गच्चीवरून किंवा पादचारी पुलावरून हायवे सरळ खाली दिसत असेल तर पंधरा-वीस मिनिटांची चित्रफीत काढून द्या, शक्यतो पावसातली. पाऊस सुरू झाल्यावर कडेच्या पाण्यामुळे दुचाक्या किती आत सरकतात, हा आकडा मला अजून हवा आहे.